सरेमधील हॅचलँड्स पार्क: शोपँच्या पियानोसाठी पाहावे असे घर

लंडनच्या नैर्ऋत्येला, गिल्डफर्डहून लेदरहेडला जाणाऱ्या रस्त्यावर ईस्ट क्लँडन नावाचे छोटे गाव आहे. त्या गावाला लागूनच हॅचलँड्स पार्क हे अठराव्या शतकाच्या मध्याला बांधलेले लाल विटांचे घर आहे. घर आणि त्याभोवतीची सुमारे ४३० एकर जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची आहे. इंग्लंडमध्ये लोकांना पाहण्यासाठी खुली असलेली जुनी घरे शेकड्यांनी सापडतात आणि नुसत्या वास्तूचा विचार केला तर याहून भव्य घरे पुष्कळ आहेत. तरीही ज्याला संगीताची आवड आहे आणि ज्याच्याजवळ एकाच घरापुरता वेळ आहे, त्याने हेच घर पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. या घरातल्या दालनांमध्ये कॉब संग्रह या नावाने ओळखला जाणारा, पियानो आणि त्याच्या पूर्वजांचा संग्रह ठेवलेला आहे, आणि पोलिश संगीतकार आणि पियानोवादक फ्रेडरिक शोपँने १८४८ साली पॅरिसहून लंडनला नेलेला, त्याच्या स्वतःच्या वापरातला प्लेयेल पियानो त्या संग्रहात आहे.

वाद्याकडे वळण्याआधी घराविषयी थोडे सांगायला हवे, कारण या दोहोंचे धागे अनपेक्षित ठिकाणी जुळतात. हे घर अ‍ॅडमिरल एडवर्ड बॉस्कावेन याने बांधले. १७४८ साली पाँडिचेरीला वेढा घालून ती घेऊ न शकलेला इंग्रज आरमारी अधिकारी तो हाच. पुढे फ्रेंचांविरुद्धच्या समुद्री लढायांत त्याला मोठे यश आले आणि पकडलेल्या जहाजांपोटी मिळणाऱ्या बक्षिसाच्या रकमेतून त्याने ही वास्तू उभी केली. कॉर्नवॉलमधल्या त्याच्या स्मारकावरच्या लेखात, हे घर त्याने आपल्या देशाच्या शत्रूंच्या खर्चाने पुरे केले, असे अभिमानाने नोंदवलेले आहे. रॉबर्ट अ‍ॅडम हा वास्तुविशारद इटलीतला अभ्यास संपवून १७५८ साली लंडनला परतला, तेव्हा त्याच्या हाती आलेल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हॅचलँड्सच्या अंतर्भागाची सजावट हे एक होते. आरमारी अधिकाऱ्याचे घर म्हणून त्याने छतांवरच्या चुन्याच्या नक्षीत नांगर, डॉल्फिन, त्रिशूळ आणि समुद्रदेव नेपच्यून गुंफले. ही छते पाहताना मान दुखेपर्यंत वर बघावे लागते, आणि तेवढे बघावेच, कारण पुढे ज्या शैलीला अ‍ॅडमचे नाव मिळाले ती शैली इथे आकार घेताना दिसते. नक्षी अजून थोडी जड आहे, हात मोकळा व्हायचा आहे, पण प्रत्येक चौकटीतली मांडणी विचारपूर्वक केलेली आहे.

बॉस्कावेनला हे घर फार काळ लाभले नाही. १७६१ मध्ये तो वारला. १७७० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या नोकरीतून धनवान होऊन परतलेल्या विल्यम ब्राइटवेल सम्नर याने ते विकत घेतले. शंभरहून अधिक वर्षांनी, १८८८ साली ते स्टुअर्ट रेंडेल या उदारमतवादी राजकारण्याकडे आले. त्याच्यासाठी रेजिनाल्ड ब्लूमफिल्डने १९०३ च्या सुमारास खास संगीतदालन बांधले. रेंडेलचा नातू एच. एस. गुडहार्ट-रेंडेल हा स्वतः वास्तुविशारद आणि संगीताचा जाणकार होता. त्याने १९४५ मध्ये ही वास्तू नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. आयर्लंडमधल्या न्यूब्रिज हाउसच्या कॉब घराण्याचे वंशज, चित्रकार आणि जुन्या घरांच्या अंतर्सजावटीचे जाणकार अ‍ॅलेक कॉब १९८० च्या दशकात इथे भाडेकरू म्हणून राहायला आले आणि आपल्या घराण्याची चित्रे व स्वतः जमवलेली वाद्ये त्यांनी इथे मांडली. त्यामुळे हॅचलँड्समध्ये फिरताना वस्तुसंग्रहालयात फिरल्यासारखे वाटत नाही. भिंतींवर खालपासून वरपर्यंत दाटीने चित्रे लावलेली आहेत, त्यांच्याखाली खुर्च्या आणि कोच आहेत, आणि त्यांच्यामध्ये पियानो, हार्पसिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड अशी वाद्ये घरातल्या सामानासारखी उभी आहेत. ही मांडणी मला फार योग्य वाटते. पियानो हे वाद्य मुळात दिवाणखान्यासाठी वाढले. गालिचे, पडदे, लाकडी जमीन आणि बसलेली माणसे यांच्या संगतीतच त्याचा आवाज समजतो.

आता शोपँच्या पियानोकडे येऊ. १८४८ च्या फेब्रुवारीत, १६ तारखेला, शोपँने पॅरिसमध्ये प्लेयेल कंपनीच्या सभागृहात मैफल केली. ती त्याची पॅरिसमधली शेवटची जाहीर मैफल ठरली. त्यानंतर आठवड्याभरातच पॅरिसमध्ये क्रांतीचा भडका उडाला, राजा लुई फिलिप याला गादी सोडावी लागली, आणि ज्या उमरावांच्या व धनिकांच्या मुलींना शिकवून शोपँचा चरितार्थ चालत असे ती कुटुंबे शहर सोडून गेली. क्षयाने खंगलेला, शिकवण्या बंद पडलेला शोपँ त्याची स्कॉटिश शिष्या जेन स्टर्लिंग हिच्या आग्रहावरून एप्रिलच्या उत्तरार्धात लंडनला आला. तिथे डोव्हर स्ट्रीटवरच्या त्याच्या बिऱ्हाडात एकाच वेळी तीन पियानो होते. एरार कंपनीने एक पाठवला, ब्रॉडवुड कंपनीने एक पाठवला आणि तिसरा प्लेयेल. तीन पियानो आहेत, पण वाजवायला वेळ कुठे आहे, असे त्याने एका पत्रात वैतागून लिहिले आहे. शिकवणीचा एक गिनी आणि उमरावांच्या घरी संध्याकाळी वाजवण्याचे वीस गिनी असे त्याचे दर होते, आणि शरीर साथ देत नसतानाही पोटासाठी त्याला ही धावपळ करावी लागत होती. जिना चढण्याची ताकद नसे तेव्हा त्याचा नोकर त्याला उचलून नेत असे.

त्या मोसमात त्याने लंडनमध्ये कुठे कुठे वाजवले याची नोंद नीट उपलब्ध आहे. १५ मे रोजी स्टॅफर्ड हाउसमध्ये, म्हणजे आज लँकेस्टर हाउस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात, राणी व्हिक्टोरियासमोर त्याचे वादन झाले. राणीने त्या रात्रीच्या दैनंदिनीत गायकांची नावे लिहिली, पियानोवादकांचा उल्लेख मात्र नाव न घेता एका ओळीत उरकला. २३ जून रोजी ईटन प्लेसमध्ये गायिका अ‍ॅडलेड सार्टोरिस हिच्या घरी आणि ७ जुलै रोजी सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये लॉर्ड फॅल्मथ याच्या घरी तिकीट लावून मैफली झाल्या. हा लॉर्ड फॅल्मथ म्हणजे अ‍ॅडमिरल बॉस्कावेनचा पणतू. ज्या घराण्याने हॅचलँड्स बांधले त्याच घराण्याच्या लंडनमधल्या दिवाणखान्यात शोपँने वाजवले, आणि पुढे दीडशे वर्षांनी त्याचे वाद्य हॅचलँड्समध्ये ओळखले गेले. या योगायोगाला ऐतिहासिक महत्त्व काही नाही, पण हे ठाऊक असले म्हणजे नांगरांच्या नक्षीखाली उभे राहून त्या वाद्याकडे पाहताना मन अधिक गुंतते.

लंडनचा मोसम संपल्यावर शोपँ स्कॉटलंडला गेला, ऑगस्टअखेरीस मँचेस्टरमध्ये, सप्टेंबरात ग्लासगोमध्ये आणि ऑक्टोबरात एडिंबरामध्ये त्याने वाजवले, आणि नोव्हेंबरच्या १६ तारखेला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी भरलेल्या समारंभात त्याने आयुष्यातले शेवटचे जाहीर वादन केले. लोक तिथे नाचण्यासाठी जमले होते. फार थोड्यांचे लक्ष त्याच्याकडे होते. आठवड्याभरात तो पॅरिसला परतला आणि पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १८४९ रोजी वारला. प्लेयेल पियानो त्याने परत नेला नाही. निघण्यापूर्वी तो लेडी ट्रॉटर यांना त्यांच्या मार्गरेट या मुलीसाठी विकला गेला. तिथून पुढे जवळजवळ दीड शतक तो एका चांगल्या घरातला एक चांगला फ्रेंच पियानो म्हणून राहिला, आणि त्याचा मूळ मालक कोण होता ही गोष्ट हळूहळू विस्मरणात गेली. कॉब यांनी १९८० च्या दशकात तो विकत घेतला तेव्हा शोपँच्या काळातला उत्तम प्लेयेल म्हणून घेतला, आणि त्याला सुमारे दोन हजार पौंड मोजले. शोपँचे नाव त्या व्यवहारात कुठेही नव्हते.

ही ओळख पटली ती २००७ साली, आणि ज्या पद्धतीने पटली ती मला या सगळ्या भेटीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पियानो बनवणाऱ्या चांगल्या कारखान्यांत प्रत्येक वाद्यावर अनुक्रमांक ठोकलेला असतो. प्लेयेल कंपनी इग्नाझ प्लेयेल या हायडनच्या शिष्याने १८०७ साली पॅरिसमध्ये काढली, आणि शोपँच्या काळात त्याचा मुलगा कामीय ती चालवत होता. तिच्या विक्रीच्या वह्या आजही पॅरिसच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. शोपँच्या अध्यापनपद्धतीवर आयुष्यभर काम केलेले स्विस संगीतअभ्यासक झाँ-झाक आयगेलडिंगर त्या वह्यांमधून शोपँशी संबंधित नोंदी शोधत होते. लंडनला गेलेल्या वाद्याच्या नोंदीसमोर त्यांना १३८१९ हा क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाचा पियानो हॅचलँड्समध्ये उभा होता. घराण्यातल्या आठवणी, विकणाऱ्याची भलामण, वाद्यावर लावलेली पितळी पाटी, यांपैकी कशाचाही आधार या निष्कर्षाला लागला नाही. कारकुनाने धंद्याच्या रीतीप्रमाणे लिहिलेला आकडा आणि लाकडावर ठोकलेला आकडा एकच निघाले, इतकी ती साधी आणि भक्कम गोष्ट आहे. थोरामोठ्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या जुन्या वस्तू आपल्याकडे आणि परदेशातही इतक्या आहेत की अमक्याचा पियानो, तमक्याची तलवार असे ऐकले की मन आधीच शंकेने सावध होते. इथे त्या शंकेला जागा उरत नाही, आणि म्हणूनच या वाद्यासमोर उभे राहणे वेगळे वाटते.

याच संग्रहात १७०४७ क्रमांकाचा ब्रॉडवुडही उसनवार ठेवलेला आहे. त्या मोसमात शोपँच्या लंडनमधल्या मैफलींसाठी ब्रॉडवुड कंपनीने पुरवलेले हे वाद्य. म्हणजे जे वाद्य तो बिऱ्हाडात एकटा असताना वाजवत असे आणि जे श्रोत्यांसमोर वाजवत असे, ती दोन्ही एका छताखाली पाहायला मिळतात. माझ्या मते पाहणाऱ्याने या दोघांवर अधिक वेळ द्यावा आणि बाकीचे सावकाश पाहावे. घाईने सगळे डोळ्यांखालून घालण्यात अर्थ नाही.

दोन्हींची घडण तुलना करून पाहण्याजोगी आहे. सेबास्तियाँ एरार याच्या एका यंत्ररचनेचे १८२१ साली पेटंट घेतले गेले होते, तिच्यात पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तीच पट्टी पुन्हा दाबून स्वर वाजवता येतो. आजच्या सगळ्या मोठ्या पियानोंची अ‍ॅक्शन, म्हणजे पट्टी दाबल्यावर तारेवर हातोडी मारणारी यंत्रणा, त्या कल्पनेतून निघाली आहे. प्लेयेलने मात्र जुनी, साधी रचना बराच काळ कायम ठेवली. तीत पट्टी जवळजवळ तळापासून वरपर्यंत परत यावी लागते, पण त्या बदल्यात बोट आणि हातोडी यांच्यामधले अंतर कमी झाल्यासारखे वाटते. बोटाच्या दाबातला बारीकसा फरकही तारेपर्यंत पोचतो. पट्टी उथळ जाते, हलकी लागते. आजच्या पियानोत ओतीव लोखंडाची एकसंध चौकट असते आणि खालच्या तारा वरच्या तारांवरून तिरप्या ओढलेल्या असतात. १८४० च्या दशकातल्या प्लेयेलमध्ये लाकडी सांगाड्याला लोखंडी पट्ट्यांचा आधार असे आणि सगळ्या तारा समांतर जात. परिणामी खर्ज, मध्य आणि तार या तिन्ही भागांचा रंग वेगवेगळा राहतो. वर रुपेरी आणि किंचित झाकल्यासारखा स्वर, मध्ये मानवी गळ्याच्या जवळ जाणारा, खाली स्वच्छ आणि कोरडा. प्लेयेलच्या या झाकल्या, रुपेरी आवाजाचे वर्णन शोपँचा समकालीन पियानोवादक लिस्ट यानेही केलेले आहे. तब्येत बरी नसेल तेव्हा मी एरारवर वाजवतो, कारण तिथे तयार स्वर मिळतो. अंगात उत्साह आणि ताकद असेल, आपला स्वर आपण शोधावासा वाटत असेल, तेव्हा मला प्लेयेल लागतो, अशा आशयाचे शोपँचे बोलणे त्याच्या परिचितांनी नोंदवून ठेवले आहे. ते वाचलेले असते, पण या वाद्याच्या पट्ट्यांची उंची आणि हातोड्यांची हलकी बांधणी प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याचा अर्थ हाताला कळतो.

इथल्या मैफलीत प्लेयेलवर शोपँचे बर्सूज हे अंगाईवजा संगीत ऐकायला मिळाले, आणि या लेखातले सगळे आग्रह त्या अनुभवातून आलेले आहेत. १८४८ च्या लंडनच्या मैफलीतही त्याने ते वाजवले होते. डाव्या हातात एकाच चालीची एक मात्रावली सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहते आणि उजवा हात तिच्यावर एक छोटी धून घेऊन तिची वेगवेगळी रूपे उलगडत जातो. आजच्या मोठ्या पियानोवर हे ऐकताना डाव्या हाताला वादक मुद्दाम दाबून धरतो, नाहीतर खालचे स्वर वरच्यांना झाकतात. प्लेयेलवर तसे दाबावे लागत नाही. खालचा स्वर उमटतो आणि आपण होऊन बाजूला होतो. त्यामुळे उजव्या हाताच्या बारीक तानांचा एकेक दाणा मोकळा ऐकू आला, आणि वादकाला जोर लावण्याची गरज न पडल्याने संपूर्ण रचना हळू आवाजातच राहिली. शोपँचे वादन फार हळू असे, मोठ्या सभागृहात मागे ऐकू येत नसे, अशी तक्रार त्याच्या हयातीत होत असे. मला या दालनात बसून असे वाटले की तो हळू वाजवत नसे, तो वाद्याच्या मापाने वाजवत असे. आपल्याकडे सतार किंवा सरोद गायकी अंगाने वाजवणाऱ्यांविषयी जे आदराने बोलले जाते, त्याच जातीचा हा विचार आहे: शोपँ शिष्यांना चांगले इटालियन गायक ऐकायला पाठवत असे आणि पियानो वाजवायचा तर आधी गायला शिका असे सांगत असे. पट्टीच्या वाद्यात मींड नाही, स्वर एकदा वाजला की वाढवता येत नाही, तरीही गाण्याचा भास कसा निर्माण करायचा, हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. ज्या पॅरिसमध्ये तो या प्रश्नाशी झुंजत होता त्याच पॅरिसमध्ये १८४२ साली देबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि त्याच वाद्याच्या वंशातली पेटी पुढे मराठी संगीत नाटकाच्या आणि मैफलीच्या साथीला येऊन बसली, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

बाकीच्या संग्रहाविषयी थोडक्यात. संग्रहात चाळीसहून अधिक वाद्ये आहेत, आणि त्यांतली बरीच एखाद्या संगीतकाराच्या मालकीची किंवा हाताखालची आहेत. योहान ख्रिश्चन बाख याची सही असलेला झुम्पेच्या कारखान्यातला छोटा चौकोनी पियानो, राणी मारी आंत्वानेत हिच्याशी जोडला गेलेला एरारचा पियानो, गुस्ताव माहलरच्या मालकीचा व्हिएन्नाच्या ग्राफचा पियानो, ही नावे वाचूनच जाणकार थबकेल. मला त्यांत सर्वांत जवळचा वाटला तो इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारचा १८४४ चा चौकोनी ब्रॉडवुड. एल्गारचे वडील वुस्टरमध्ये पियानो ट्यूनर होते आणि संगीतसामग्रीचे दुकान चालवत. पियानोचे झाकण उघडून आत डोकावणे एल्गारच्या घरात रोजचेच होते. या वाद्याच्या साउंडबोर्डवर, तारांच्या खालच्या पातळ लाकडी फळीवर, एल्गारने तिथे बसून लिहिलेल्या आपल्या काही रचनांची नावे स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहेत. तारांमधून वाकून ते अक्षर वाचावे लागते. कामगाराने आपल्या बाकावर खूण करावी तशी ती नोंद आहे, आणि वाद्य हे त्याच्या दृष्टीने कामाचे हत्यार होते हे तिच्यातून स्पष्ट दिसते.

जुनी वाद्ये वाजवावीत की नुसती जपावीत, यावर जाणकारांत खरा मतभेद आहे. प्रत्येक वादनाने हातोड्यांवरचे कातडे आणि फेल्ट झिजते, तारांच्या ताणाने लाकडी सांगाडा वाकत राहतो, आणि एकदा मूळ हातोड्या बदलल्या की मूळ आवाज कायमचा गेला. उलट बाजूने, वर्षानुवर्षे न वाजलेले वाद्य मुके होते आणि त्याविषयी आपण जे काही बोलतो ते अंदाजाचे उरते. संग्रहालये बहुधा पहिली बाजू घेतात आणि त्यांची जबाबदारी पाहता ते समजण्यासारखे आहे. कॉब संग्रहाने मधला मार्ग घेतला आहे: वाद्ये वाजत्या अवस्थेत ठेवायची, निवडक मैफलींत आणि ध्वनिमुद्रणांत ती जाणत्या वादकांच्या हाती द्यायची, आणि एरवी त्यांना हात लागू द्यायचा नाही. माझे मत या मार्गाच्या बाजूचे आहे. शोपँच्या हस्तलिखितांत स्वर रेंगाळत ठेवणारे पायाखालचे पेडल कुठे दाबायचे आणि कुठे सोडायचे याच्या खुणा फार काटेकोर आहेत. आजच्या पियानोवर त्यांतल्या काही पाळल्या तर स्वरांचा चिखल होतो, म्हणून अनेक पिढ्यांनी त्या बदलल्या. प्लेयेलवर त्या तशाच्या तशा पाळता येतात आणि बरोबर वाटतात. हे पुरावे काचेआड ठेवलेल्या वाद्यातून मिळाले नसते.

भेटीच्या व्यवस्थेविषयी जे सांगायचे ते असे. घर वर्षभर खुले नसते. साधारण वसंतापासून शरदापर्यंत आणि आठवड्याच्या ठरावीक वारीच दालने उघडतात, बाग व रान मात्र त्याहून अधिक दिवस पाहता येते. म्हणून निघण्यापूर्वी वार आणि वेळ तपासणे आवश्यक आहे. नॅशनल ट्रस्टच्या सभासदांना प्रवेश शुल्क पडत नाही. इंग्लंडमध्ये वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाला ते सभासदत्व परवडते असा माझा अनुभव आहे. मैफलींची तिकिटे वेगळी काढावी लागतात आणि जागा मोजक्या असतात. रेल्वेने लंडनच्या वॉटर्लूहून क्लँडन स्टेशनला यावे. तिथून घर दोन मैलांच्या पुढे आहे आणि वाटेचा काही भाग मोटाररस्त्याच्या कडेने जातो, तेव्हा वडीलधारी माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील तर टॅक्सी आधीच सांगून ठेवावी.

आत दोनतीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दालनांत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण उन्हाने रेशीम, रंग आणि लाकडाचे पॉलिश उडते. डोळे सरावायला काही मिनिटे द्यावी लागतात. दालने थोडीच आहेत, कारण ही वास्तू अजून राहते घर म्हणून वापरात आलेली आहे. प्रत्येक दालनात एक स्वयंसेवक बसलेले असतात आणि त्यांच्यातले बरेच निवृत्त शिक्षक, वादक किंवा नुसते हौशी अभ्यासक असतात. वाद्याजवळची चिठ्ठी त्रोटक असते, पण या मंडळींना प्रश्न विचारला की ते मनापासून बोलतात. माझ्या बरोबरच्या मावशींनी त्यांना सरळ विचारले की हा पियानो खरोखर त्याचाच कशावरून, आणि त्यावर त्या वयस्कर गृहस्थांनी क्रमांकाची सगळी हकिकत उभ्या उभ्या, एकेक पायरी घेत सांगितली. पैसे देऊन घेतलेल्या मार्गदर्शकाकडूनही इतके नीट ऐकायला मिळत नाही. बाहेरच्या परिसराची आखणी १८०० च्या सुमारास हम्फ्री रेप्टनने केली आणि एक छोटी बाग गर्ट्रूड जेकिलची आहे. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला इथल्या रानात ब्लूबेल फुलतात तेव्हा गर्दी असते. शांतपणे वाद्ये पाहायची असतील तर तो हंगाम टाळलेला बरा. कॅफे नेहमीसारखा आहे.

आणखी एक गोष्ट, विशेषतः गोव्यातल्या आणि मुंबईतल्या वाचकांसाठी. सासष्टी आणि बार्देशमधल्या जुन्या घरांत, मुंबईत वांद्र्याच्या किंवा गिरगावातल्या बिऱ्हाडांत, आजही जुने पियानो आहेत, आणि त्यांच्याविषयी घरात काही ना काही ऐकीव गोष्ट असतेच. दमट हवेत साउंडबोर्ड फुगतो आणि उन्हाळ्यात आकसून चिरतो, सरस सुटतो, वाळवी लागते. उष्ण देशांत पाठवायच्या वाद्यांना कारखानदार सरसाबरोबर स्क्रूही लावत ते याचसाठी. अशा पियानोचे झाकण उघडून क्रमांक शोधावा. तो बहुधा लोखंडी चौकटीवर, साउंडबोर्डवर किंवा तारांच्या खुंट्यांजवळच्या लाकडावर असतो. क्रमांक मिळाला की त्याचा फोटो काढून ठेवावा आणि त्यानंतरच वाद्य विकण्याचा किंवा मोडीत काढण्याचा विचार करावा. प्लेयेलच्या वह्या पॅरिसमध्ये आहेत हे वर आलेच आहे. ब्रॉडवुडचे दप्तर तर हॅचलँड्सपासून फार लांब नाही: ते वोकिंग इथल्या सरे हिस्टरी सेंटरमध्ये ठेवलेले आहे, आणि कोणते वाद्य कोणत्या दिवशी कारखान्यातून कुणाकडे रवाना झाले हे त्यात शोधता येते. हॅचलँड्सच्या भेटीला आणखी एक दिवस जोडता येत असेल तर तो वोकिंगला द्यावा, आणि जाताना घरच्या पियानोचा क्रमांक बरोबर न्यावा.